राखेपासून पेंटेकॉस्टपर्यंत, सॅक्रिस्टीच्या बाजूने

वर्षानुवर्षं मिस्साला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणाऱ्या माणसाला वाटतं की चर्चमध्ये सगळं आपोआप होतं. मेणबत्त्या पेटलेल्या असतात, पुस्तक हव्या त्या पानावर उघडलेलं असतं, चषक जागेवर असतो. 2025 च्या उपवासकाळाआधी (ईस्टरच्या आधीचे तपश्चर्येचे चाळीस दिवस) आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजाच्या, उपासना समितीला माणसं हवी होती. मी नाव दिलं आणि माझी रवानगी सॅक्रिस्टीत झाली. वेदीच्या बाजूच्या ज्या खोलीत धर्मगुरू उपासनेची वस्त्रं घालतात आणि जिथे उपासनेचं सगळं सामान ठेवलेलं असतं, ती ही खोली. गायनाला माणसं मिळतात, वाचनाला मिळतात, फुलांच्या सजावटीला तर गर्दी होते. सॅक्रिस्टीत कुणी फिरकत नाही, कारण तिथलं काम नीट झालं तर ते कुणाला दिसतच नाही.

ती खोली एक मावशी सांभाळतात. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात कॅलेंडर दिलं आणि तारखा लिहून काढायला सांगितल्या. आमचा वसंत ईस्टरवर, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणावर, ठरतो आणि ईस्टर दरवर्षी सरकतो. 325 साली बिशपांच्या नायसिया इथल्या परिषदेने सगळ्यांनी तो एकाच रविवारी साजरा करावा असं ठरवलं. त्यातून रूढ झालेला नियम असा, की 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार घ्यायचा. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. 2024 मध्ये तो 31 मार्चला होता, त्यामुळे राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका 14 फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेला, आला आणि तरुण मंडळींची चांगलीच पंचाईत झाली. 2025 मध्ये ईस्टर 20 एप्रिलला होता आणि त्या वर्षी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचाही त्याच दिवशी आला. दोघांची कॅलेंडरं वेगळी असल्याने दरवर्षी तसं होत नाही.

राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात ती राख विकत आणलेली असते असं मला वाटायचं. ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची करतात. त्यासाठी काही आठवडे आधीपासून दारात एक पेटी ठेवली होती. लोक घरातल्या क्रूसामागे वर्षभर खोचून ठेवलेली सुकी पानं आणून टाकत होते. कुणी त्यांना क्रूसाचा आकार दिला होता, कुणी वेणी घातली होती. वाळलेली झावळी भडकन पेटते, म्हणून लोखंडी डब्यात, उघड्यावर, थोडी थोडी जाळायची. मग ती कुटून बारीक चाळणीने दोनदा चाळायची. पाणी घालून लगदा करायचा नाही, हे मावशींनी बजावून सांगितलं. राखेत पाणी मिसळलं की ते क्षारासारखं काम करतं आणि नाजूक कातडीच्या माणसाचं कपाळ चुरचुरतं. आशीर्वादाच्या वेळी पवित्र पाण्याचे शिंतोडे उडतात, तेवढंच पाणी पुरे. एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यातून दोन वाट्या राख निघाली आणि ती सगळ्यांना पुरून उरली.

बुधवारी, 5 मार्चला, रांग बाहेरपर्यंत गेली होती. मिस्सा चुकवणारेसुद्धा राखेसाठी येतात. पोप फ्रान्सिस 14 फेब्रुवारीपासून रुग्णालयात होते, त्यामुळे भाविकांच्या प्रार्थनेत त्यांचं नाव होतं. पुढचे कित्येक आठवडे ती विनंती रोज करत राहिलो. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास असतो. नियमाने तो 18 ते 59 वयाच्या लोकांसाठी आहे आणि मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतो. आमच्याकडच्या ऐंशीच्या घरातल्या आजोबांना हे कितीदा समजावलं तरी ते उपवास करतातच, आणि मग मिस्साच्या मध्यावर कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची शोधत धावतं.

उपवासकाळात माझं मुख्य काम काय होतं, तर वस्तू काढून ठेवणं. ग्लोरिया (देवाचं स्तुतिगीत) गायचा नाही, आलेलुया (आनंदाचा जयघोष) म्हणायचा नाही. वाद्यं फक्त गाण्याला आधार द्यायला. वेदीवर फुलं नाहीत. अपवाद चौथ्या रविवारचा आणि सणांचा: 19 मार्चचा संत जोसेफ, 25 मार्चचा देवदूताचा निरोप (येशूच्या जन्माची मरियेला मिळालेली वार्ता). सजावटीच्या गटाला हे दरवर्षी जड जातं. एका ताईंनी घरच्या बागेतली फुलं आणली होती, अगदी टवटवीत, आणि मला त्यांना नाही म्हणावं लागलं. त्या रागावल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी त्या माझ्याशी बोललेल्याही आठवत नाहीत. बाहेर झाडं फुलत असताना आत मुद्दाम रिकामं ठेवायचं, हे तर्काला पटायला वेळ लागतो. चौथ्या रविवारी त्यांनाच बोलावलं आणि त्यांनी वेदीपुढे जे उभं केलं ते पाहून फादरांनीसुद्धा मान डोलावली. त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं घालता येतात. आमच्याकडे तो गुलाबी झगा आहे, पण फादरांना त्यात अवघडल्यासारखं होतं. ‘‘मावशी, यंदा नको ना,’’ असं ते म्हणतात आणि मावशी मुकाट्याने इस्त्री केलेला झगा त्यांच्यापुढे धरतात.

पाचव्या रविवारपासून क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकण्याची परवानगी आहे. क्रूस गुड फ्रायडेच्या विधीपर्यंत झाकलेले राहतात, मूर्ती ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाच्या विधीपर्यंत. शिडीवर चढून उंच मूर्तीवर कापड चढवणं हे दोघांचं काम आहे, आणि शिडी धरणारा माणूस मोबाइल न पाहणारा हवा.

दर शुक्रवारी क्रूसाची वाट: येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या प्रसंगांपुढे थांबत केलेली प्रार्थना. तिची चौदा स्थानं 1731 मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी निश्चित केली. आमच्याकडे ती वेगवेगळ्या गटांना वाटून दिली होती: एका शुक्रवारी परिचारिका, एकदा रविवारच्या धर्मशिक्षणाची मुलं, एकदा घरच्या आजाऱ्यांची सेवा करणारे. मला सर्वांत लक्षात राहिला तो हा शेवटचा गट. त्यांनी स्थानांची चिंतनं कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. सायमनाने क्रूस उचलायला हात दिला त्या पाचव्या स्थानावर एका बाईंनी इतकंच सांगितलं, की नवऱ्याला उठवून बसवायला शेजारचा मुलगा रोज सकाळी येतो आणि एकदाही उशीर करत नाही. मुलांच्या शुक्रवारी मात्र आमची धावपळ झाली. मुलांसोबत कायम किमान दोन मोठी माणसं असलीच पाहिजेत, एकट्याने कुणालाही सॅक्रिस्टीत थांबवायचं नाही, असा आमचा नियम आहे. तो मला आधी जरा अविश्वास दाखवणारा वाटला होता. सहा वेदीसेवक मुलं, धूपदानी आणि पेटते निखारे एकाच खोलीत असताना दुसरं मोठं माणूस का हवं, ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

पवित्र सप्ताहाबद्दल, ईस्टरच्या आधीच्या आठवड्याबद्दल, सांगायचं तर सगळा जोर शेवटच्या तीन दिवसांवर असतो. झावळ्यांचा रविवार मी थोडक्यात उरकतो: जिथे जे हिरवं मिळतं ते वापरतात, कुठे ताडाची पानं, कुठे ऑलिव्ह, कुठे विलोच्या फांद्या. मिरवणूक, लाल वस्त्रं, येशूच्या दु:खसहनाचं लांबलचक वाचन तीन आवाजांत. त्या वर्षी ते लूकच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातलं, होतं. त्याच सप्ताहात बिशप कॅथेड्रलमध्ये, आपल्या मुख्य चर्चमध्ये, तिन्ही तेलं आशीर्वादित करतात आणि प्रत्येक धर्मग्राम आपापल्या बाटल्या घेऊन येतो. आजाऱ्यांचं तेल, स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) उमेदवारांचं तेल आणि क्रिस्मा हे सुगंधी तेल. तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या, म्हणून झाकणावर आणि बाटलीवर, दोन्हीकडे चिठ्ठी लावायची.

पवित्र गुरुवारी, 17 एप्रिलला, वाद झाला तो पाय धुण्याच्या नावांवरून. येशूने प्रेषितांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीत त्या दिवशी धर्मगुरू काही निवडक लोकांचे पाय धुतात. 2016 च्या जानेवारीत व्हॅटिकनमधून निघालेल्या आदेशानुसार फक्त पुरुषच नव्हे, तर देवाच्या प्रजेतले कुणीही, स्त्रिया, तरुण, वृद्ध, आजारी, निवडता येतात. बारा ही संख्या परंपरेची, विधीच्या पुस्तकातली सक्ती नव्हे. तरी समितीत एकाने ‘‘प्रेषित बारा होते ना?’’ असं विचारलंच. शेवटी बारा जण निवडले, त्यांत चर्चची सफाई करणाऱ्या ताई होत्या, दोन विद्यार्थी होते, एक आजी होत्या. त्या आजींना मोजे काढायला कमीपणा वाटत होता. त्यांच्या नातीने खाली वाकून ते काढून घेतले. माझ्या वाट्याला घंगाळ, कोमट पाणी आणि टॉवेल. पाणी कोमट हवं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

ग्लोरियाच्या वेळी सगळ्या घंटा वाजल्या आणि नंतर गप्प झाल्या, त्या थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत. त्यांच्याऐवजी लाकडी टाळी. मिस्साच्या आधी टॅबरनॅकल, म्हणजे ख्रिस्तप्रसाद (मिस्सात आशीर्वादित केलेली भाकर) ठेवायची पेटी, रिकामा करायचा असतो आणि त्या मिस्सात शुक्रवारसाठीही पुरेल इतका ख्रिस्तप्रसाद करायचा, कारण गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. हा अंदाज चुकला तर शुक्रवारी तोडून तोडून द्यावं लागतं, म्हणून मावशी गेल्या काही वर्षांचे आकडे एका वहीत ठेवतात. मिस्सा संपल्यावर ख्रिस्तप्रसाद दुसऱ्या वेदीवर नेतात, लोक मध्यरात्रीपर्यंत तिथे प्रार्थना करतात आणि त्याच वेळी आम्ही मुख्य वेदी उघडी करतो. चादर, मेणबत्त्या, क्रूस, पायघडी, सगळं काढायचं. कुणी बोलत नाही. माझं लक्ष मात्र कापड जमिनीला लागू नये याकडे होतं. मी प्रार्थना केली असं मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. पण बाकावर बसून ही वेदी उघडी होताना मी इतकी वर्षं पाहिली होती, आणि लाकडावरचे जुन्या मेणाचे डाग मला त्या रात्री पहिल्यांदा दिसले. त्याच दिवशी पोप फ्रान्सिस रोममधल्या रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटून आले होते. पाय धुणं त्यांना त्या वर्षी जमणार नव्हतं. रुग्णालयातून येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता.

गुड फ्रायडेला सगळं साधं दिसतं आणि तयारी सर्वांत किचकट असते. धर्मगुरू रिकाम्या वेदीपुढे जमिनीवर पालथे पडतात, म्हणून तिथली फरशी आधी कोरडी पुसून घ्यायची. योहानाच्या शुभवर्तमानातलं दु:खसहनाचं वाचन, दहा गंभीर प्रार्थना, मग क्रूसवंदन. वंदनासाठी एकच क्रूस असावा असा नियम आहे, आणि म्हणून ती रांग संपता संपत नाही. दोन-तीन क्रूस ठेवून लवकर उरकू, अशी सूचना दरवर्षी येते. त्या वर्षी फादरांनी ‘‘लोकांना उभं राहू द्या’’ म्हटलं आणि विषय संपला. मला ते पटलं. रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी बाजूला खुर्च्या मांडल्या आणि त्यांची जागा धरायला तरुण गटाचे दोघे उभे केले. त्या दिवशीचं दान जगभर पवित्र भूमीतल्या ख्रिस्ती लोकांसाठी जातं. आमच्याकडे दान मोजायला नात्यातली नसलेली किमान दोन माणसं बसतात आणि दोघांच्या सह्या होतात.

शनिवारी दिवसभर विधी नाही, पण चर्च माणसांनी भरलेलं असतं. झाडणं, पुसणं, पितळ घासणं, फुलं. चाळीस दिवस अडवून धरलेला सजावटीचा गट आता सुटतो. त्या ताई सकाळी सातला हजर होत्या आणि माझ्याशी बोलल्याही.

जागरणाचा विधी अंधार पडल्यावरच सुरू करायचा असतो. एकेकाळी तो शनिवारी सकाळी, उजेडात होत असे. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये तो रात्री करण्याची मुभा दिली आणि 1956 पासून तसा नियमच झाला. मैदानात आग पेटवली, शेजारी वाळूची आणि पाण्याची बादली. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली-शेवटची अक्षरं, आणि चालू वर्षाचे चार अंक कोरले जातात, मग उदाचे पाच दाणे येशूच्या पाच जखमांच्या खुणा म्हणून टोचतात. मेणबत्ती दरवर्षी नवी लागते. आदल्या वर्षीच्या मेणबत्तीवर नवे अंक चिकटवून चालेल का, हा प्रश्नही समितीत विचारला गेला होता; तसं चालत नाही. वारा असल्यामुळे आगीतून मेणबत्तीकडे ज्योत नेणं जिकिरीचं होतं. लांब काडी, काचेचं आडोशाचं नळकांडं आणि एक छत्री, एवढं हाताशी ठेवलं होतं. छत्री लागली.

लोकांच्या हातांतल्या मेणबत्त्या पेटवताना एक गोष्ट आधी सांगायलाच हवी: पेटलेली सरळ धरा, न पेटलेली वाकवा. उलट केलं की मेण पुढच्याच्या शालीवर. हे मी दारात उभा राहून प्रत्येक कुटुंबाला सांगत होतो. काठी घेऊन चालणाऱ्यांना मेणबत्ती दिली नाही, त्यांच्या शेजारच्याला दिली. ‘‘ख्रिस्ताचा प्रकाश’’ हे तीनदा गायलं गेलं आणि तिसऱ्या वेळी, वेदीपुढे, दिवे लावायचे होते. विजेच्या खोक्यापाशी एक माणूस केवळ या खुणेसाठी उभा होता. वेदीवरच्या मेणबत्त्या मात्र ग्लोरियाच्या वेळी. जुन्या करारातली सात वाचनं आहेत. ती कमी करता येतात, पण निर्गमच्या पुस्तकातलं समुद्र ओलांडण्याचं वाचन वगळता येत नाही. आम्ही सातही घेतली. काही लहान मुलं झोपली आणि ग्लोरियाच्या घंटांनी दचकून उठली. त्या रात्री दोन तरुणांचा स्नानसंस्कार झाला. त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं जात होतं तेव्हा मी वेदीमागे भिंतीला टेकून उभा होतो आणि मनात हिशेब चालू होता: टॉवेल दोन, पांढरी वस्त्रं दोन, क्रिस्माची बाटली, छोट्या मेणबत्त्या दोन. सगळं होतं.

सोमवारी आम्ही काही जण मेण काढायला जमलो होतो. फरशीवरचं मेण बर्फ लावून कडक करायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचं, कापडावरचं तपकिरी कागद ठेवून गरम इस्त्रीने शोषून घ्यायचं. तेवढ्यात बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले. आदल्याच दिवशी त्यांनी सज्जातून आशीर्वाद दिला होता. मावशी खाली बसल्या. थोड्या वेळाने उठून त्यांनी मिस्साचं पुस्तक उघडलं. ख्रिस्तप्रसादाच्या प्रार्थनेत पोपचं नाव घेतलं जातं आणि आमच्या पुस्तकात ते एका चिठ्ठीवर लिहून त्या पानांवर लावलेलं होतं. पोपपद रिकामं असताना ते नाव घेत नाहीत. त्यांनी सगळ्या पानांवरच्या चिठ्ठ्या हलकेच सोडवल्या. मी मोठ्या वेदीचं पुस्तक घेतलं, त्यांनी छोट्या वेदीचं. 26 एप्रिलला अंत्यविधी झाला. 27 ला किशोरवयात वारलेल्या कार्लो अकुटिस यांचा संतपदविधी होणार म्हणून तरुण गटाने तयारी केली होती, तो पुढे गेला आणि सप्टेंबरात झाला. मुलांनी केलेले फलक आम्ही कपाटात नीट ठेवले. 8 मेला नवे पोप म्हणून लिओ चौदावे निवडले गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साआधी मी नव्या चिठ्ठ्या लावल्या. फादरांच्या तोंडून पहिल्यांदा ‘‘आमचे पोप लिओ’’ ऐकताना मी पानावरची चिठ्ठी सरळ बसली आहे का, तेच पाहत होतो.

पास्काची मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, 8 जूनपर्यंत, वेदीजवळ होती. मग ती स्नानसंस्काराच्या कुंडापाशी गेली. तिथे ती स्नानसंस्कारांना पेटवायची आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ ठेवायची.

त्यानंतरच्या आढावा बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. आग भिंतीच्या आडोशाला घ्यायची, आणि वेदी झाकण्या-उघडण्याच्या कामाला सजावटीच्या गटातली निम्मी माणसं लावायची, कारण फुलं मांडायला वीस जण आणि कापडं घडी करायला तिघं, हे बरं नाही. यावर बरीच कुरकुर झाली आणि ठराव तरीही मंजूर झाला. 2026 चा ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला, तेवढंही वहीत लिहून घेतलं. सॅक्रिस्टीसाठी दोन नवी नावं आली. त्यांतल्या एकाला फक्त धूपदानी हवी होती. मावशींनी त्याला चषक पुसायचे रुमाल कसे धुवायचे ते आधी शिकवलं: पहिलं पाणी नेहमीच्या मोरीत नाही, जमिनीत मुरेल असं ओतायचं, आणि इस्त्री ओलसर असतानाच करायची. धूपदानीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.